मागचा भात

आधीच सांगून ठेवतो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. शब्दही मला घरात बोलतात तेवढेच येतात. त्यात मावेल एवढीच ही गोष्ट आहे.

फार फार वर्षांपूर्वी एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. त्या गावात एक आचारी राहत होता. त्याची आईही स्वयंपाकीण होती. गावात कुणाचं लग्न असो की बारसं, चुलीपुढे तीच असायची. तिला दोन मुलं. थोरला हा आचारी, आणि त्याच्या पाठची एक बहीण.

आईने दोघांनाही वाढायला शिकवलं. केळीचं पान मांडलं की आधी वरच्या बाजूला मधोमध मीठ. मिठाच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाज्या. मग खाली भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तुपाची धार. हा पहिला भात. तो संपला की पोळी. पोळी निम्मी झाली की गोड. आणि गोडाने जीभ जड झाली की सगळ्यात शेवटी दहीभात. त्याला त्यांच्याकडे मागचा भात म्हणत.

मागचा भात खाल्ल्याशिवाय उठायचं नाही, असं आई सांगायची. का, असं मुलांनी विचारलं तर म्हणायची, "गोड खाऊन उठलं की तहान लागते. दही खाऊन उठलं की घर आठवतं."

ते दहीसुद्धा असंतसं नव्हतं. आईने त्याचं विरजण तिच्या आईकडून आणलं होतं, आणि तिच्या आईने तिच्या आईकडून. रोज संध्याकाळी दूध कोमट झालं की त्यात चमचाभर कालचं दही घालायचं, की सकाळी आजचं दही तयार. एकही संध्याकाळ न चुकता ते दही त्या घरात चालत आलं होतं. मुलगी लग्न होऊन नदीपलीकडे गेली तेव्हा आईने तिला एका लहान गाडग्यात ते विरजण दिलं. आणि निघताना तिच्या तळहातावर दह्याचा एक ठिपका ठेवला. तळहातावर दही घेऊन गेलेलं माणूस परत येतं, असं त्या गावात मानत.

त्या गावात आणखी एक रीत होती. जेवता जेवता कुणाला उठावं लागलंच, तर त्याचं पान उचलत नसत. दुसरं पान घेऊन ते झाकून ठेवत. पान झाकलेलं दिसलं की समजायचं, या घरात कुणाची तरी वाट पाहणं चालू आहे.

पुढे आई गेली. तिने शिकवलेला क्रम मात्र आचाऱ्याने अगदी पक्का धरून ठेवला. आईचं एवढंच आपल्याकडे उरलंय असं त्याला वाटत असेल. त्याच्या पंगतीत मीठ बोटभर इकडचं तिकडे झालेलं चालत नसे. लोक हसायचे. म्हणायचे, याच्या पंगतीत ठसका लागला तरी पाणी आपल्या नंबरानेच येतं. पण जेवायला मात्र सगळे यायचे, कारण हाताला चव होती.

ती चव राजवाड्यापर्यंत पोहोचली. राजाला नवा आचारी हवा होता. जेवून पाहायला राजाचा कारभारी येणार असा निरोप आला, आणि नेमकी त्याच दिवशी सकाळच्या होडीने बहीण माहेरी आली.

दोन वर्षांनी आली होती. तिकडे सासू अंथरुणाला खिळलेली, आणि सहा महिन्यांची मुलगी शेजारणीकडे ठेवलेली. शेवटच्या होडीने परत जायलाच हवं होतं. भावाला भेटावं, आईच्या घरी एकदा जेवावं, आणि भावाच्या हातून तळहातावर दही घ्यावं, एवढ्यासाठीच ती आली होती. आल्या आल्या तिने पदर खोचला आणि खोबरं खवायला घेतलं. आचाऱ्याला बरं वाटलं. पण डोक्यात सगळा कारभारी भरलेला. तो तिच्याशी नीट बोललासुद्धा नाही.

कारभारी उशिरा आला. पंगत उशिरा बसली. बहिणीचं पान शेवटच्या टोकाला. कारभाऱ्याला एकेक पदार्थ नीट चाखता यावा म्हणून आचारी हळूहळू वाढत होता. पहिला भात झाला. पोळी आली. एक भाजी, दुसरी भाजी. ऊन परसदारातल्या केळीवरून उतरून विहिरीवर गेलं. घाटावरून नावाड्याची पहिली हाक आली. मग दुसरी आली. आचारी खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आला तेव्हा तिसरी हाक झाली होती.

बहीण हळूच म्हणाली, "दादा, मला गोड नको. मागचा भात दे ना थोडा. होडी सुटेल."

कारभाऱ्याने मान वळवून पाहिलं. ते आचाऱ्याला दिसलं.

"मागचा भात मागेच येतो, बयो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुझ्या होडीसाठी मी पंगतीचा क्रम मोडू होय?"

पंगतीतले दोघेतिघे हसले. बहीण हसली नाही. नावाड्याने चौथी हाक मारली. ती उठली, परसदारी जाऊन हात धुतले, आणि जाताना भावापुढे उभी राहिली. नुसता उजवा तळहात पुढे धरला.

आचाऱ्याने तो हात पाहिला. पण पंगत अर्धी टाकून उठल्याचा राग त्याच्या डोक्यात होता, आणि कारभाऱ्याच्या वाटीत खीर वाढायची होती.

"अर्धं पान टाकून चालली आहेस," तो म्हणाला. "पुन्हा या घरात पान मांडायला सांगू नकोस."

तिने हात खाली घेतला आणि ती गेली.

कारभारी जेवून तृप्त झाला. असा शिस्तीचा माणूस राजवाड्यात हवाच, असं म्हणाला. लोकांनी आचाऱ्याला उचलून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. सगळे गेल्यावर त्याने पानं गोळा केली. बहिणीचं पान झाकायला हवं होतं. त्याने ते गाईपुढे टाकलं. संध्याकाळी दूध तापवलं, ते कोमट झालं, मग थंड झालं, आणि त्यात विरजण घालायचं त्याला सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी राजवाड्यात जायची गडबड. तिसऱ्या दिवशी त्याने मडक्याचं झाकण काढलं तेव्हा दह्यावर बुरशी धरली होती. किती पिढ्या चाललेलं दही त्या मडक्यात संपलं. त्याने मडकं नदीत धुऊन आणलं. फार वेळ धुवत होता म्हणतात.

मग त्याने शेजारून विरजण आणलं. दही लागलं, घट्ट लागलं, पण ते ते नव्हतं. एक घास खाल्ला की हात थांबायचा. गावातल्या सगळ्या घरांतून आणून पाहिलं. शेवटी त्याने मागचा भात करायचंच सोडलं. राजाच्या पानावर शेवटी बासुंदी वाढू लागला.

गंमत अशी की त्यानेच त्याचं नाव झालं. गोडावर जेवण संपवणारा आचारी म्हणून दूरदूरचे लोक त्याला ओळखू लागले. राजवाड्यात होतं तसं सरदारांकडे होऊ लागलं, सरदारांकडचं गावोगाव गेलं. होता होता त्या राज्यातून मागचा भात उठूनच गेला. लोक गोड खाऊन उठायचे आणि पाणी शोधत फिरायचे.

आचारी मात्र कुठलंच जेवण पुरतं जेवला नाही. रोज दिवस कलताना घाटावरून हाक यायची, आणि त्याच्या हातातला झारा थांबायचा. पहिली हाक. दुसरी. तिसरी. चौथी कधी यायची नाही. तो उगाच कान देऊन बसायचा.

भाऊबीज आली की तो नवी पैरण घालून घाटावर जायचा. बहिणीसाठी घेतलेलं लुगडं काखेत असायचं. नावाडी विचारायचा, "चढताय का आचारी, का आजही पाणीच बघायला आलात?" आचारी सांगायचा, मासळी आलीय का बघायला आलो. सणाच्या दिवशी मासळी कुणाला हवी असते? पण नावाडी पुढे काही बोलायचा नाही. आचारी पलीकडच्या काठावरची झाडं बघायचा. तिकडे कुठे धूर दिसला तर वाटायचं, तिचीच चूल असेल. आपणच तिला पान नाही म्हटलं, आता कोणत्या तोंडाने जायचं, असा विचार करायचा आणि परत फिरायचा. घरात अशी बारा लुगडी जमली.

राजाही म्हातारा झाला. एके दिवशी जेवण झालं, बासुंदीची वाटी रिकामी झाली, तरी राजा पानावरून उठेना. आचाऱ्याने आणखी बासुंदी आणली. राजाने नको म्हणून हात हलवला. वर्षभर त्याचं हेच चाललं होतं. जेवण व्हायचं आणि तो तसाच बसून राहायचा. सगळ्यांना वाटायचं, वय झालं, गुडघे धरत असतील.

"गुडघे बरे आहेत माझे," राजा त्या दिवशी म्हणाला. "पोटही भरलंय. पण जेवण झालं असं वाटत नाही, म्हणून उठवत नाही. तुझ्या आईच्या घरी जेवण कशाने संपायचं रे?"

बारा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"मागच्या भाताने, महाराज."

"मग तो का वाढत नाहीस?"

"त्याचं विरजण माझ्याकडे राहिलं नाही."

"कुणाकडे आहे?"

आचाऱ्याने रिकामी वाटी उचलून घेतली. राजाने आयुष्यभर माणसं पाहिली होती. त्याने पुन्हा विचारलं नाही. "उद्या दुपारी माझं पान मांडशील तेव्हा तो भात असू दे," एवढंच म्हणाला, आणि दोन सेवकांच्या हाताला धरून उठला.

दुसऱ्या दिवशीच्या दुपारसाठी दही हवं, तर ते आज संध्याकाळी विरजायला हवं. आचारी तसाच घाटावर गेला. या वेळी तो होडीत चढला.

नावाडी तोच होता, बारा वर्षांत दाढी पांढरी झालेली. नदीच्या मध्यावर आल्यावर तो म्हणाला, "एक सांगू का? मी तीन हाका मारतो. आयुष्यात तीनच. त्या दिवशी तुमच्या बहिणीसाठी चौथी मारली होती. ती येताना धावत आली, पण माझ्या होडीत बसल्यावर सबंध वाटभर उजव्या हाताची मूठ उघडून रिकाम्या तळहाताकडे बघत होती. काही पडलं का पाण्यात, असं मी विचारलं. नाही म्हणाली."

आचारी पाण्याकडे बघत राहिला.

बहिणीचं घर शोधायला लागलं नाही. दारात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी जोंधळे निवडत बसली होती. आचाऱ्याच्या आईसारखं कपाळ, तिच्यासारखीच निवडताना ओठ मुडपायची सवय. ही आपली भाची, हे आचाऱ्याला कळलं. पण मामा आहे असं म्हणायला त्याची जीभ उचलेना. तो म्हणाला, "थोडं विरजण मिळेल का?"

मुलीने आत हाक दिली, "आई, कुणीतरी विरजण मागायला आलंय. नदीपलीकडचे दिसतात."

"दे की मग. विरजणाला नाही म्हणू नये," आतून आवाज आला. "भांडं आणलंय का विचार."

एवढा मोठा राजाचा आचारी, पण भांडं आणायला विसरला होता.

"नाही आणलं म्हणतात," मुलगी म्हणाली.

"म्हणजे विरजण आमचं आणि गाडगंही आमचंच," असं पुटपुटत बहीण बाहेर आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिचे केस कानाजवळ पिकले होते. मुलगी एकदा आईकडे आणि एकदा त्या माणसाकडे बघत राहिली.

"शेवटची होडी गाठायची असेल तुला," बहीण म्हणाली.

त्याने मान हलवली. गाठायलाच हवी होती.

तिने ओटीवर पान मांडलं. मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भोपळ्याची भाजी. सगळं जिथल्या तिथे. मग ती आत गेली आणि भात घेऊन आली. तो वरणभात नव्हता. दहीभात होता.

"आधी हा खा," ती म्हणाली.

"अगं, क्रम…"

"क्रम आईने मलाही शिकवलाय, दादा. तुझ्याआधी पाठ केला होता मी. होडी सुटेल तुझी. खा."

त्याने घास घेतला. तेच दही होतं. दूध कोमट झालंय का ते बघायला आई करंगळी बुडवायची, ती करंगळी त्याला दिसली. तो खाली मान घालून खात राहिला.

"मीठ जास्त झालंय का भातात?" तिने जरा वेळाने विचारलं.

मीठ भातात बरोबर होतं.

नावाड्याची पहिली हाक आली. आचाऱ्याने भात संपवला. दुसरी हाक आली तेव्हा बहिणीने वरणभात आणून पानात वाढला, पण त्याला हात लावायला वेळ नव्हता.

"ऊठ आता," ती म्हणाली. तिने दुसरं पान आणून त्याच्या पानावर झाकलं आणि कडेला एक पाट ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. "माझंही एक अर्धं पान तिकडे राहिलंय. झाकून ठेवलं होतंस ना?"

तो हो म्हणू शकला असता. तिला ते खरं वाटलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "गाईला घातलं. आणि दहीही त्याच दिवशी मेलं माझ्या हातून."

बहीण झाकलेल्या पानाकडे बघत उभी राहिली. घाटावरून तिसरी हाक आली. मुलगी म्हणाली, आई, होडी. तेव्हा कुठे ती हलली.

"मग नवं मांडावं लागेल," ती म्हणाली.

आत जाऊन तिने एका लहान गाडग्यात विरजण घालून आणलं. गाडगं आईचंच होतं. त्याच्या कडेला लहानपणी बहिणीच्याच हातून उडालेला टवका तसाच होता. ते त्याच्या डाव्या हातात दिलं आणि उजव्या तळहातावर दह्याचा ठिपका ठेवला.

"येशील का?" त्याने विचारलं.

"दही लागू दे आधी," ती म्हणाली.

परत येताना नावाड्याने तळाचं पाणी उपसायला मदत मागितली. आचाऱ्याने दिली नाही. त्याची उजवी मूठ घाट येईपर्यंत मिटलेली होती.

त्या संध्याकाळी त्याने दुधात करंगळी बुडवून पाहिली आणि विरजण घातलं. सकाळी मडकं कलंडवून पाहिलं तर दही हललं नाही. दुपारी राजाच्या पानावर सगळं क्रमाने वाढून झालं आणि शेवटी मागचा भात आला. राजाने तो सावकाश खाल्ला. बोटं चाटली. मग कुणाचाही हात न धरता उठला.

"झालं जेवण," तो म्हणाला. दारापर्यंत जाऊन वळला आणि आचाऱ्याला म्हणाला, "उद्या सुट्टी घे."

त्या राज्यात मागचा भात परत आला. आणि आचाऱ्याच्या पंगतीत एक नवी रीत सुरू झाली, ती पुढे सगळीकडे पसरली. पानं मांडली की वाढणारा आधी सगळ्यांना विचारतो, कुणाला निघायचंय का? जो हो म्हणेल त्याच्या पानावर मिठानंतर दहीभातच पडतो, आणि त्याला कुणी हसत नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच की आपल्या माणसाची निघायची वेळ झाली असेल, तर शेवटचं वाढायचं ते त्याला सगळ्यात आधी वाढावं.

पण नवी रीत पडली ती पुढे. राजा जेवून उठला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आचारी परसातून दोन कोवळी पानं कापून घेऊन आला. एक मांडलं. त्यावर मीठ, लिंबू आणि मधोमध दहीभात वाढला. दुसऱ्याने ते झाकलं. मग बारापैकी एक लुगडं काखेत घेऊन तो घाटावर गेला. होडी पलीकडून निघाली होती. उन्हामुळे तिच्यात कोण बसलंय ते त्याला दिसत नव्हतं. तरीही त्याने धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि होडी ओढून घ्यायला पाण्यात उतरला.